फक्त मासे आणि भात

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. वेळ मिळत नाही असं सांगू नकोस. त्याच घरातून, त्याच टेबलावरून तुझ्या बायकोची दोन पत्रं आली.

माझं शिवणाचं दुकान ठीक चाललंय. नवे कपडे कोणी शिवत नाही, जुने सैल करून घ्यायला मात्र रांग असते. कापड आटलं, असं प्रत्येक जण सांगतो. मी मान हलवते आणि शिवण उसवते.

खरी काळजी या कुत्रीची, गुंडीची आहे. फेब्रुवारीपासून ती अंग खाजवतेय. पोटाखालचे केस गेले, कान आतून लालभडक झालेत आणि पंजाने ओरबाडून ती रक्त काढते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हिला कोंबडी सोसत नाही, कणभरही पोटात जाऊ देऊ नका. म्हणून तुमच्या कारखान्याची निळी पिशवी आणली. वर एवढा मोठा मासा आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत 'फक्त मासे आणि भात'. म्हटलं, भाऊ जिथे सुपरवायझर आहे तिथलं अन्न, डोळे मिटून घालावं.

आठ आठवडे झाले, काडीचा फरक नाही. डॉक्टर मलाच विचारतात की घरात कोणी चोरून कोंबडी देतंय का. घरात आम्ही दोघीच. मग मला खालच्या घड्याळवाल्या काकांचा संशय आला. गुंडी त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसते ना. मी खाली गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. आपण काही दिलेलं नाही, एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी जिना उतरले की ते मान वर करत नाहीत. बारा वर्षांचा शेजार आहे रे.

तुमच्या कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही उत्तरांत शब्दशः एकच वाक्य: आपला विश्वास हीच आमची ताकद. तिसऱ्यात तर माझ्या मांजरीच्या तब्येतीला शुभेच्छा दिल्यात. तू आत आहेस. जरा विचारून कळव की त्या पिशवीत नक्की काय असतं.

तुझी वाट पाहणारी,
ताई

*

दि. १३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बायकोसमोर माझी अब्रू काढल्याबद्दल आभार.

गुंडीचं वाचून वाईट वाटलं. पण अन्नाचं म्हणशील तर पिशवीवर जे लिहिलंय ते मंजूर झालेलं असतं, त्यात माझ्यासारख्याने काय विचारायचं. खाजेला कारणं शंभर असतात. तू फरशी पुसायचा साबण बदलून बघ. तुझ्या दुकानात कापडाचा धागा-धूळ उडते, तीही असेल. आणि गुंडी म्हणजे रस्त्यात दिसेल ते चाटणारी बाई, हे तुला मी सांगायला नको.

सोबत दोन निळ्या पिशव्या पाठवतोय, आमच्याकडून भेट. अजून महिनाभर घालून बघ, एवढ्यात धीर सोडू नकोस.

इकडे कामाचा रेटा आहे. पाठ दुखते. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

*

दि. २ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

साबण बदलला. दुकानात कापडं झाकून ठेवली. तुझ्या पिशव्या इमानाने घातल्या. काल गुंडीचा डावा कान इतका सुजला की डॉक्टरांनी तो चिरून पू काढला. टेबलावर चार जणांनी धरली होती तिला. ती ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

पिशवीतलं मूठभर अन्न आता तपासायला दिलंय. आणि सरकारी कचेरीत जाऊन आले. ते ऐक, म्हणजे तुला घरबसल्या करमणूक.

पहिली कचेरी खाद्यपदार्थांची. तिथले गृहस्थ म्हणाले, आम्ही माणसांचं अन्न बघतो, कुत्रा हा माणूस नव्हे. हे मला मान्य करावंच लागलं. त्यांनी पशुखाद्याच्या कचेरीत पाठवलं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बुधवारी बंद. मी अर्थातच बुधवारी गेले. गुरुवारी पुन्हा गेले तर तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. जनावर दूध देतं का, ओझं वाहतं का, अंडी देतं का, यातल्या एकावर खूण करा. मी म्हटलं, भुंकतं. तो म्हणाला, तसा रकाना नाही. खूण केल्याशिवाय अर्ज घेईना. शेवटी एका अधिकारी बाईंना दया आली आणि त्यांनी अर्ज तसाच ठेवून घेतला. त्याच म्हणाल्या की पिशवीवर काय लिहावं याचा नियम आहे, पण लिहिलेलं आत असावं हे तपासायला माणूस नाही.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लहानपणापासून खोटं बोलताना उगाच सल्ले देतोस. ते पत्र सल्ल्यांनी भरलंय. पिशवीत काय आहे ते मी विचारलं होतं, त्याला एका शब्दाचं उत्तर नाही. मी अजून काही म्हणत नाही. उत्तर दे.

ताई

*

दि. ९ जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न.

हे पत्र मी लिहितेय ते यांना ठाऊक आहे. यांनी अडवलं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. त्यांनी वाचलं, घडी घालून ताटाखाली सरकवलं आणि भात नुसता चिवडत बसले. मी ते ओढून घेतलं आणि वाचलं. कानाचं वाचून मी विचारलं की हे आपल्या पिशव्यांमुळे का. ते म्हणाले, कुत्र्याचं खाणं आहे, त्याचं एवढं काय घेऊन बसायचं.

वन्सं, मी औषधाच्या दुकानात काम करते. एका पट्टीवर एक नाव आणि आत दुसरी गोळी असं माझ्या हातून एकदा जरी झालं तरी मला उभं करणार नाहीत, आणि करूही नये. मी त्यांना तेच सुनावलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पिशवीवर तर जास्तच खरं लिहायला हवं, असंही म्हणाले. चार दिवस आमच्यात अबोला होता. काल ते आपणहून बोलायला लागले. काय ते त्यांनी स्वतः तुम्हाला सांगावं असं माझं मत पडलं. तेवढा तरी मान तुमचा आहे.

तुम्ही त्यांच्यावर रागावणार आहात. रागवा. पण गुंडीला ती पिशवी आजपासून घालू नका.

तुमची,
भावजय

*

दि. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पहिल्या पत्राच्या निम्म्यात आलो तेव्हाच मला कळलं होतं.

माशांची भुकटी जानेवारीत यायची बंद झाली. निळ्या पिशव्या मात्र छापून गोदामात थप्पीला लागल्या होत्या. मॅनेजर म्हणाले, दोन आठवडे कोंबडीची भुकटी घाला, वास येण्यापुरतं माशाचं तेल टाका, तोवर माल येईल. दोन आठवड्यांचे सहा महिने झाले. प्रत्येक पाळीला काय मिसळलं त्याचा कागद भरतात. त्यावर 'मासे' असं लिहून खाली सही करायची. ती सही माझी असते. पहिल्या दिवशी हात अडखळला. नंतर अडखळेनासा झाला.

तुला ज्या दोन पिशव्या पाठवल्या, त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं. पाठवल्या नसत्या तर तू कारण विचारलं असतंस. एवढंच कारण. याहून बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सोमवारी मी मॅनेजरांना सांगितलं की इथून पुढे कागदावर जे घातलं तेच लिहीन. ते शांतपणे म्हणाले, मग सही दुसरा करेल. त्याच दिवशी मला मिसळणीच्या खात्यातून काढून माल चढवायच्या दारावर उभं केलं. आता मी ट्रक मोजतो. कालपर्यंत माझ्याबरोबर चहा पिणारे आता हात धुवायलाही लांबचा नळ शोधतात.

तुझ्या त्या अधिकारी बाईंना मी लेखी जबाब पाठवलाय. माझ्या सहीच्या कागदांच्या नकलाही जोडल्यात. पुढे नोकरी राहील की नाही, माहीत नाही. बायको म्हणते, बघू.

माफी मागायला तोंड नाही. गुंडीचं कळव.

धाकटा

*

दि. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं.

तपासणीचा कागद आला. मासा नावापुरता, बाकी कोंबडी. गेल्या मंगळवारी कचेरीत सुनावणी झाली. कंपनीचा वकील म्हणाला की 'मासे आणि भात' हे चवीचं नाव आहे, घटकांची यादी नव्हे. बाईंनी विचारलं, मग 'फक्त' या शब्दाची चव कशी असते. सगळे हसले. वकीलही हसला. तेव्हा बाईंनी तुझा जबाब मोठ्याने वाचला. सही माझी असते, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बसून राहिले.

निकाल असा: पिशव्यांवर चिकटपट्टी लावायची, 'कोंबडी असू शकते'. अक्षर किती मोठं, ते ठरलेलं नाही. आणि छापलेला जुना साठा संपेपर्यंत विकायला मुभा. म्हणजे तोवर खाजवणाऱ्यांनी खाजवत राहावं. मी बाईंना म्हटलं, हा न्याय आहे का. त्या म्हणाल्या, नाही, पण याच पिशवीच्या सात तक्रारी पुराव्याअभावी बंद केल्या होत्या, त्या आता तुमच्या भावाच्या कागदांवर पुन्हा उघडल्यात. एवढंच हाती लागलं. मला त्याने समाधान झालं नाही, तुलाही होऊ देऊ नकोस.

घड्याळवाल्या काकांकडे गेले. जे गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, ते गिऱ्हाईक बसलेलं असतानाच परत घेतलं. त्यांनी भिंगातून डोळा न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्रीला येऊ द्या. तुमचं नंतर बघू." माझा हिशोब बाकी आहे तर.

गुंडीला मी आता घरी मासा उकडून भात कालवून घालते. पोटावर लव आलीय. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं, ते तसंच राहणार म्हणतात डॉक्टर.

तुझ्या बायकोने कळवलं की तुला कामावरून कमी केलं. दुसरं बघेपर्यंत दोघं इकडे या. गुंडी दारातच तुझ्या अंगावर उडी मारेल, तिला काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी दार उघडेन, जेवायला वाढेन, पण लगेच बोलेनच असं नाही. तरी ये.

लोभ आहे. रागही आहे. दोन्ही तुझेच.

ताई