आईच्या वाटणीचं पाणी

रविवार दुपार, एप्रिलअखेर

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागते. डायरी रोज लिहिते, तिच्यात तुमचा उल्लेखही येतो. पण तुम्हालाच सांगावं असं काही हाती लागत नव्हतं. आज लागलं. घरातलं बर्फाचं मशीन आवाज करत होतं.

हे मशीन तुमच्यानंतरचं. सीवूड्सच्या या फ्लॅटमध्ये ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी असतं. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला दिवसाचं पाणी मोजून दिलं. चहा आणि आमटी वजा जाता जे उरतं ते मी रोज सकाळी एका बाटलीत भरून ठेवते. बाटली संपली की दिवसाचं पाणी संपलं. डायलिसिस सेंटरमधल्या एका नर्सनं सांगितलं, तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरू द्या, थोडक्या पाण्यात जास्त वेळ बरं वाटतं. फ्रीजमधला ट्रे तिच्या बोटांना वाकवता येत नाही, म्हणून हे मशीन. टाकीत पाणी ओतायचं, बटण दाबायचं, थोड्या वेळात अंगठ्याएवढे खडे पडतात. महिन्यापूर्वी ते घरघरायला लागलं, कुणी कोरड्या घशानं खाकरत बसावं तसं. माझं ऑफिस घरूनच चालतं, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळ्यांना तो आवाज ऐकू जायचा.

मागच्या रविवारी मी तुमचा लांब पेचकस काढला. त्याचं टोक मशीनला लावलं आणि मूठ कानाला. हे तुम्ही शिकवलंत ती सुट्टी मला लख्ख आठवते. मी आठवीत आहे, तुमचा डबा घेऊन तुर्भ्याच्या बर्फाच्या कारखान्यात आले आहे. अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरताहेत. मिठाच्या गार पाण्यात बर्फ गोठवायचे पत्र्याचे उंच डबे बुडवलेले आहेत, आणि तुम्ही हात पुसून पेचकस कॉम्प्रेसरला टेकवता, मूठ माझ्या कानाशी धरता. काय ऐकू येतं, विचारता. मी म्हणते, धडधड. तुम्ही हसून म्हणता, "ती तुझी आहे. जरा थांब, मग मशीनची येईल."

यावेळी मी थांबले, आणि आवाज खालच्या पंपातून येतोय एवढं मला कळलं. मग सगळं उघडलं. पंपावर क्षाराचा थर होता, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं काढला. स्क्रू आवळले. ताटलीत पाणी घेऊन ओटा सपाट आहे का तेही पाहिलं. टाकी रेघेपर्यंत भरून मशीन लावलं, तर अगदी गप्प. मला स्वतःचा अभिमान वाटला, तुम्ही बघायला हवे होतात असंही वाटलं. सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये ते पुन्हा घरघरलं.

माझ्या हाताखाली गप्प आणि आईच्या हाताखाली ओरडतंय, हे दोन-तीनदा झालं. यातून मी जो निष्कर्ष काढला तो लिहायची लाज वाटते. मला वाटलं, ती दिवसभर पुन्हा पुन्हा मशीन लावतेय, माझा डोळा चुकवून मापाबाहेर बर्फ खातेय, आणि इतकं चालवल्यामुळे ते तापून आवाज करतंय. गुरुवारी मी तिला बोलले. "आई, माझ्यासमोर एक आणि मागे एक, असं करू नकोस. पाणी तुझ्याच अंगावर चढतं." तिनं हातातल्या वाटीवर झाकणी ठेवली आणि खोलीत गेली. त्यानंतर तीन दिवस तिनं मशीनला हात लावला नाही. घर शांत झालं, आणि मी ती शांतता पुरावा म्हणून धरली. तिचे ओठ सुकून फुटलेले मला दिसत होते, तरी.

आज सकाळी पेचकस परत खणात ठेवताना आपला टेबलफॅन आठवला. तो खडखडत होता म्हणून मी परस्पर उघडला होता. जोडल्यावर तीन स्क्रू उरले होते. स्क्रूंबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. "आईला विचारलंस?" एवढंच म्हणालात. "दिवसभर मशीनजवळ जो असतो त्याला आधी विचारायचं, मग हात लावायचा." मग कळलं की खोली गार व्हावी म्हणून आई जाळीवर ओला पंचा टाकायची आणि त्या वजनानं जाळी पात्याला लागत होती. ती तेव्हाही माझ्यासमोरच भाजी निवडत बसली होती.

म्हणून मी तिला म्हटलं, तू कसं लावतेस ते मला दाखव. ती आपली बाटली घेऊन आली आणि टाकीत जेमतेम दोन बोटं पाणी ओतलं. मशीन घरघरलं. मी टाकीतली रेघ दाखवली. ती म्हणाली, "रेघ दिसते गं मला. पण माझ्या वाटणीचं एवढंच आहे ना? वरचं घातलं की जादा बर्फ होणार, मग माझा काय भरवसा?"

पाणी कमी म्हणून पंप हवा ओढत होता. एवढंच.

आम्ही टाकी भरली. एक वाटी बर्फ वितळवून किती पाणी होतं ते मोजलं आणि तेवढं तिच्या बाटलीतून काढून तुळशीला घातलं. तिनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि अजून थोडं काढायला लावलं. मशीन आता नुसतं घोंगावतं. गालात खडा धरून ती म्हणाली, "तुझ्या आप्पांना हे दोन मिनिटांत कळलं असतं." मी हसले. मग तिनं हळूच विचारलं, "मी बिघडवलं का गं ते?"

मी म्हटलं, नाही, पंप हवा ओढत होता.

ते खरंच आहे. पण गुरुवारबद्दल मी काहीच बोलले नाही, आणि तिनंही विषय काढला नाही. आप्पा, मशीनचं मी तिला आज विचारलं. तिच्याबद्दल मात्र न विचारताच ठरवून मोकळी झाले होते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं.

उद्या : सकाळी बाटली भरताना आईला सांगायचं, की गुरुवारी मी बोलले ते खोटं होतं.