धुऱ्यावरचं झाड

मंगळवार, १८ नोव्हेंबर
माळ्यावर दोरी बांधली. पुढे लसणाच्या जुड्या, मागे ती. उलटी टांगली की वटवाघळांसारखी दिसते. गांजा हा शब्द या वहीत लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच पानावर गेलं ते. यापुढे वि. म्हणजे विजया. संस्कृतात नाव घेतलं की गुन्हा निम्मा वाटतो. एम.ए.चा एवढाच उपयोग झाला.

अक्काचं हाडांचं दुखणं वाढतंय. डॉक्टरांच्या गोळ्या पोटात ठरत नाहीत. तिला सांगितलंय, एक चूर्ण आहे, वाळतंय. कशाचं ते तिने विचारलं नाही. गावातल्या बाया जमवून दारूचं दुकान बंद पाडणारी माझी ही थोरली बहीण. विहारात पाचवं शील म्हणताना तिचाच आवाज सगळ्यांत वर, नशेपासून दूर राहीन म्हणून. शेजारी उभा राहून मीही म्हणतो. हळू.

एक झाड इंझोरीच्या शेतात राहू दिलंय. कच्चं आहे अजून. माझ्या नि शेजारच्या सूर्यभानच्या तुरीमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. धुरा तो म्हणतो त्याचा, मी म्हणतो माझा. आमचे बापही हेच म्हणत गेले. त्यामुळे तिथे कोणाचाच नांगर चालत नाही. लपवायला याहून निवांत जागा तालुक्यात नसेल.

शुक्रवार, २१ नोव्हें.
आभाळ. हवा दमट. वि.ला बुरशी लागली तर सगळं फुकट. टेबलफॅन माळ्यावर नेला.
सुनंदा जिन्याखालून, "लसनाले पंखा? मले त उन्हाळाभर कोनी पुसलं नाही!"
थोड्या वेळाने, "घरात काईतरी मेलं हाय."
म्हटलं, चिचुंद्री असेल.
"मंग काढा ना तिले. का तिलेबी पंखा लावता?"
लग्नाला इतकी वर्षं झाली. बाईच्या नाकाशी खोटं बोलणं अजून जमत नाही.

सोमवार, २४ नोव्हें.
ऊन पडलं. काडी आता वाकत नाही, मोडते. बरणीत भरली, लोणच्याच्या. पुढचं शास्त्रही लोणच्याचंच, मुरू द्यायचं. रोज सकाळी झाकण उघडून वारा लागू द्यायचा, पुन्हा बंद. ओल्या गवताचा वास जाऊन हळूहळू दुसरा येतो. कुठला ते सांगता येत नाही. वाईट नाही, एवढं खरं.
धुऱ्यावरचं रविवारी काढू.

गुरुवार, २७ नोव्हें.
रविवार लागलाच नाही.
सकाळी फोन, शेतावर पोलिस. गेलो. झाडाभोवती पाचसहा जण, नवरदेवासारखे त्याचे फोटो चाललेले. साहेबांनी विचारलं, "हा धुरा कोणाचा?"
सूर्यभान बाजूच्या तुरीतून ताडताड आला. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून, छाती काढून, "माहा! कोनालेबी पुसा. माह्या बापाचा हाय."
मग मला, "बोल ना भाऊ. आज काहून गप?"
या वाक्यावर मी आजवर कधी गप्प बसलो नव्हतो. आज बसलो.
जीपमध्ये चढेपर्यंत त्याला वाटत होतं, धुऱ्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला.

संध्याकाळी पेपरच्या कचेरीतून फोन, मी त्यांचा तालुक्याचा वार्ताहर. तुमच्याच शेजारचं आहे, सविस्तर द्या. दिलं. 'तुरीच्या आड गांजा, शेतकरी ताब्यात.' वर नेहमीप्रमाणे 'आमच्या वार्ताहराकडून'. इतकी खरी ओळ मी कधी छापायला दिली नव्हती.

शनिवार, २९ नोव्हें.
अक्काला काल वि. दिली, तुपात, चिमूटभर. आज उजाडल्यावर उठली. किती महिन्यांनी. चहा मागितला, त्यात साखर कमी म्हणून सुनंदाला बोलली. म्हणजे बरं वाटतंय.
"काय रे चूर्न हाय हे? हाडं कोनी काढून बाजूले ठेवल्यासारखी वाटली."
मग पेपर वाचला तिने. मीच लिहिलेलं.
"सूर्यभान असा नाही. त्याले बिडीचा धूर सोसत नाही. ज्यानं लावलं असन ना, त्याले झोप कशी लागते?"
म्हटलं, लागत नसेल.

सोमवार, १ डिसेंबर
सूर्यभानची बायको शांताबाई इथे मंगरूळला, आमच्या घरी आली. ओट्यावरच बसली, आत येईना.
वकील म्हणतो, एवढंच सांगा की धुरा वादातला आहे, आमचाच असं नाही. सूर्यभान ऐकत नाही. "म्हनते, एवढी उमर भांडलो, आता पोलिसायच्या समोर सोडून देऊ काय? लोक हासतीन." डोळे पुसता पुसता तिलाच हसू आलं. मलाही आलं असतं.
मग हात जोडले तिने. "भाऊ, तुमीच सांगा ना साहेबायले, धुरा तुमचा हाय म्हून. आजवर तुमीच त म्हनत होते. तुमी पेपरवाले, तुमाले कोन धरते?"
शंका नाही, टोमणा नाही. नुसती विनंती.
म्हटलं, बघतो.
बघतो हे क्रियापद मी फार वापरतो.

मंगळवार, २ डिसें.
बरणी उघडली, बंद केली. वास आता छान झालाय, हीच लाज.
सुनंदा मागे उभी होती. कधीची, कोणास ठाऊक.
"लोनचं कायचं घातलं?"
बरणी लसणामागे सरकवली.
"मले पयल्याच दिवशी समजलं. अक्काची झोप पाहून बोलली नाही मी." मग, "पन शांताबाईले तुमी बघतो म्हनलं ना, तवा मले तुमची लय लाज वाटली."
अक्काचं काय, म्हटलं. हे गेलं तर तिने कण्हायचं?
"ते मले नका पुसू."
मी सांगितलं तर अक्काची झोप जाते, आणि कशामुळे येत होती हेही तिला कळतं. नाही सांगितलं तर तो आत, आपल्या धुऱ्यासकट.

बुधवार, ३ डिसें.
ठाण्याच्या बाकावर. वार्ताहराची वही उलटी करून लिहितोय. साहेब जेवायला गेलेत. शिपायाने चहा दिला, पेपरवाला म्हणून. अजून तरी पेपरवाला.

निघताना अक्काला सांगितलं. सगळं नाही. झाड माझं, एवढंच. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग तशीच म्हणाली, "आजचं चूर्न ठेवून चालला का नेऊन राह्यला?" काय ऐकायचं होतं तिला, समजलं नाही. माळ्यावर बरणी तशीच आहे. झाकण लावायचं राहिलं.

सूर्यभान समोर कोठडीत दिसतो. मला पाहिलं त्याने. गजांना धरून उठला.
"काय भाऊ? धुरा मांगाले आला काय?"
म्हटलं, हो.
"भेटत नाही," म्हणाला. खूश होता.

साहेबांची जीप आली वाटतं.