अण्णांच्या हातातलं घड्याळ

मुखेड, मंगळवार संध्याकाळ

अण्णांच्या मनगटावर बंद घड्याळ बघवत नाही. मामांनी दुबईहून आणलेलं स्विस घड्याळ. अण्णा सगळ्यांना सांगायचे, "निजामाच्या काळात या कंपनीचं घड्याळ फक्त जहागीरदारांकडं दिसायचं. याला सेल लागत न्हाई, माणूस हालला की हे चालतंय."

आता लकव्यानं तो हातच हालत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती?

म्हणून दिवसभर मीच ते घालून हिंडतो आणि संध्याकाळी चालू घड्याळ त्यांना बांधतो. कुणाला फसवतोय मी?

आज त्यांनी दुसऱ्या हातानं मला अडवलं. अडखळत म्हणाले, "तुझ्याकडंच राहू दे. माझ्या हातात त्याला करमत न्हाई."

तरी मी बांधलंच. मग कितीतरी वेळ त्यांचा तो हात धरून हलवत बसलो.