हव आणि कबूल

४ फेब्रुवारी २००३, मंगळवार

लागला एकदाचा फळा! वहाब ‘हव’ म्हणाले. (तोंडानं कधी नाव घेत नाही, इथे घेते. इथे कोण ऐकतंय?)

फळा तसा जुनाच. त्यावर ‘सफारी, कोट, वकिली गाऊन शिवून मिळतील’ असं लिहिलेलं होतं, ते आता वरच्या कोपऱ्यात सरकलं. खालचा सगळा माझा. आमचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर — गावातले सगळे काळे कोट आमच्याच मशीनखालून गेलेले. माप देताना माणूस हात पसरून उभा असतो, तोंडाला काही काम नसतं, म्हणून बोलतो. मी काजं करता करता ऐकते. इतकी वर्षं ऐकलेलं पोटात ठेवलं. आता पोटात जागा नाही!

ह्यांना म्हटलं, कोर्टात काय काय होतं ते रोज फळ्यावर लिहीन म्हणते, लोकांना कळायला नको? हे कॉलर जोडत होते, तोंडात टाचण्या. म्हणाले, “हव.” घरात आमची हिंदी, दुकानात मराठी, पण ह्यांचं हव, म्हणजे हो, दोन्हीकडे चालतं.

पहिली बातमी — ‘जंगलातून सागवान नेताना ठेकेदाराचे दोन ट्रक धरले. ठेकेदारातर्फे तीन वकील उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीआधी जामीन.’ अक्षर छान आलं. सावली गावच्या शाळेत रोजचा सुविचार मीच लिहायची.

५ फेब्रुवारी

कोणीतरी ‘दोन’ पुसून ‘एक ट्रक’ केलं. मी परत दोन केलं. दुपारी परत एक! शेवटी दोन ट्रकांची चित्रंच काढली. घाईत पुसलं तर चाकं तरी उरतील.

६ फेब्रुवारी

बकरीद तोंडावर. कुर्त्यांचा ढीग. त्यात बापूराव वकील कोट सैल करून घ्यायला आले. ठेकेदाराच्या तिघांतले मोठे ते हेच. बोलायला गोड माणूस, खोटं कशाला लिहू. हात पसरून उभे राहिले आणि सुरू झाले.

“भाभी, परवा एक म्हातारा पाह्यला. सायबानं इचारलं, सागवान तोडलं, गुन्हा कबूल हाय काय? तो म्हने हव. झालं, पाच मिनटात काम खलास. सारे असेच भेटले त आमी वकिलायनं का कराव?”

म्हातारा कोण म्हणून विचारलं, तर दसरू! आमचा दसरू — दर बाजाराला बांबूच्या टोपल्या घेऊन येतो, विकून झाल्या की आमच्या पायरीवर दम खातो. मी त्याला सगळं सांगते. नणंदेचं, मशीनच्या पट्ट्याचं, कोण कोट नेऊन तोंड दाखवत नाही त्याचं. तो समोर बघून “हव… हव…” करत ऐकतो. एवढं मन लावून ऐकणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. (एक घरात आहे.)

विचारलं, “त्याले वकील नोता काय?”

“सरकारकडून फुकट भेटते ना. पन मागा लागते.”

“मंग मागतला काऊन नाई?”

“मागाले माहीत पायजे, भाभी. अन् माहीत असाले वकील पायजे.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो-खो हसले.

मलाही हसू आलं. ते गेल्यावर राग आला. ट्रकभर लाकडाला तीन वकील आणि एका म्हाताऱ्याला अर्धासुद्धा नाही! शिक्षा किती ते अठरा तारखेला ठरणार. जामीन राहायला कोणी नाही म्हणून तोवर आतच.

८ फेब्रुवारी, शनिवार — बाजार

पायरीवर आज दसरूच्या जागी त्याची बायको सोमारी. टोपल्या तिनंच आणल्या. चहा दिला. विचारलं, खरंच तोडलं का गं झाड?

“कायले तोडंल? टरकवाल्यायनं पाडून ठेवलं होतं. हा टोपल्या घेऊन येत होता. दमला, बसला त्याच्यावर. मांगून नाकेदार आला, यालेच धरलन.” नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. ट्रकवाले गेले, बसलेला सापडला.

“मंग कोर्टात हव काऊन म्हटलं त्यानं?”

सोमारीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच काही कळत नाही. “बोलनाऱ्याले हव नाई म्हनाव त का म्हनाव? गावात गोष्ट सांगाले बसले का यालेच पुढं बसवतेत. हव म्हननारा नसंल त गोष्ट तिथीच मरते, बाई. सायब एवढे बोलून राह्यले होते. त्यायले मधातच आडवं जाव काय?”

म्हणजे दसरूनं गुन्हा कबूल केलाच नाही. साहेबांच्या गोष्टीला हुंकार दिला!

हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. दोन्ही केलं. सोमारी हसली नाही. जाताना म्हणाली, “गोष्ट कोनी बी सांगो, आत मातर हाच बसला.”

९ फेब्रुवारी

दिवसभर कुर्ते कापले. कापता कापता माझा निकाह आठवत राहिला. मामू माझे वकील — हो, आमच्यात नवरीलाही वकील लागतो! — आणि बरोबर दोन गवाह. मामूंनी विचारलं, कबूल आहे? मी लाजून नुसती मान हलवली. मामू तिथेच बसून राहिले. “मान नको बेटी. तोंडानं सांग.” सांगितलं. तरी परत विचारलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात म्हणाले, की पडद्यापलीकडच्या बायका हसल्या.

ह्यांना म्हटलं, हेच लिहिते उद्या. फळ्याकडे पाठ करून इस्त्री करत होते. “हव.”

१० फेब्रुवारी

लिहिलं —

‘माझ्या लग्नात मला तीनदा विचारलं. वकील होता. दोन गवाह होते. नुसती मान चालली नाही.

दसरूला एकदा विचारलं. तो हव म्हणाला. वकील नव्हता.

तुरुंग लग्नापेक्षा सोपा आहे काय?’

अकरापर्यंत रस्त्यावर ही गर्दी! पक्षकार वाचतात, चहावाला न वाचणाऱ्यांना वाचून दाखवतो. कोर्टाचा बाबू दोनदा आला — दुसऱ्यांदा चष्मा घेऊन. बस कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली आणि प्रवाशांना म्हणाला, वाचा. आदेश नावाचा हवालदार वाचून लाजला. त्याचं लग्न उन्हाळ्यात आहे.

दुपारी दिव्यानी आली. सावलीकडच्या धानवाल्या घरची पोर, नुकतीच वकील झालेली. अजून एकही केस नाही आणि पहिला कोट आमच्याकडेच कच्च्या शिलाईत. कोट झाला का म्हणून आली होती, फळ्यासमोरच अडकली.

“भाभी, हे खरं हाय?”

“फळ्यावर खोटं लिहीत नाई मी. सुविचार लिहायची तेव्हाचं सोड.”

ती कोट विसरून तशीच फाटकातून आत गेली. गरिबांना फुकट वकील द्यायची समिती त्याच इमारतीत बसते म्हणे. इतकी वर्षं समोर राहून मला हे माहीत नव्हतं! मग दसरूला कुठून असणार?

११ फेब्रुवारी

मंजूर! तुरुंगात जाऊन अर्जावर दसरूचा अंगठा घेऊन आली. दसरूची वकील — दिव्यानी. कोट अठराच्या आत पाहिजे.

१४ फेब्रुवारी

बकरीद झाली. बापूराव वकील दरवर्षीसारखे जेवायला आले. बिर्याणी दोनदा घेतली, तारीफ केली आणि हात धुताना म्हणाले, “भाभी, ठेकेदार लय गरम हाय. म्हन्ते फळा कोनाचा ते पोलिसात काढतो. आपल्याले कायले पायजे हे?” तिसऱ्यांदा वाढणार होते, नाही वाढली.

त्यांच्या पाठोपाठ दोन वकिलांनी कापड परत नेलं. ‘घाई नाही, नंतर शिवू.’ नंतर म्हणजे कधीच नाही, एवढं मला कळतं. आमचं घर काळ्या कोटावर चालतं. ते सगळे रुसले तर आम्ही काय एकमेकांचे कोट शिवत बसायचं?

भीती वाटली. लिहून ठेवते, वाटली. ह्यांना विचारलं, फळा राहू देऊ ना? मशीन चालू होती. “हव.” मग बरं वाटलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

१७ फेब्रुवारी

दिव्यानीचा कोट झाला — बटनं पुरुषांसारखी उजव्या बाजूला! ह्यांनी जन्मात बाईचा कोट शिवलेला नाही. मला घालून बघितलं तेव्हा कळलं. उसवायला वेळ नाही. दिव्यानी म्हणाली, राहू द्या वहाबभाऊ, कोर्टात बटनं कोण बघते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

समोर राहून आज पहिल्यांदा कोर्टाच्या आत गेले. सोमारीला घेऊन मागच्या बाकावर बसले. दसरू वाळला आहे. आम्हाला बघून हसला, जसं काही बाजारातच आहे.

साहेब म्हणाले, “दसरू, मागच्या वेळी तुम्ही गुन्हा कबूल केला होता. बरोबर?”

“हव.”

सोमारीनं माझा हात धरला. दिव्यानी उभी राहिली. म्हणाली, “साहेब, माझे पक्षकार गोष्ट ऐकताना हव म्हणतात. दोन प्रश्न विचारू द्या.” साहेबांनी मान हलवली.

“दसरूभाऊ, हे कोर्ट तुमच्या मालकीचं आहे?”

“हव.”

“आणि हे साहेब तुमचे जावई?”

“हव.”

कोर्ट हसत सुटलं! बाबूनं तोंडावर फाईल धरली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि दसरूकडे बघितलं. मग गोंडी जाणणाऱ्या शिपायाला बोलावलं. तो दसरूजवळ गेला, त्याच्या भाषेत एकच गोष्ट विचारली आणि थांबला. नुसता थांबला. ह्याआधी कोणी थांबलंच नव्हतं. दसरू शिपायाकडे बघून राहिला, मग सोमारीकडे.

“हिल्ले.”

शिपाई म्हणाला, “नाई म्हन्ते, साहेब.”

“मग त्या झाडावर बसून काय करत होतात?”

“दम खात होतो. झाड उभं असतं त त्याच्यावर बसलो असतो काय, सायब?”

आता साहेबही हसले. “पाडलं कोणी?”

“दोन मोठ्या गाड्या होत्या जी.”

दोन! बापूराव वकिलांना एकदम खोकला आला. माझी चाकं खरी होती!

नाकबूल लिहिलं गेलं. दसरूला स्वतःच्या हमीवर सोडलं. बाहेर आल्यावर दिव्यानी रडली आणि नाक पुसायला नव्या कोटाची बाही वापरली. मी ओरडले. मग मीही रडले, पण ओढणीला.

१९ फेब्रुवारी

फळा — ‘दसरूचा खटला संपला नाही. आता कुठे सुरू झाला. ह्यावेळी वकील आहे.’ खाली दोन ट्रक. आज कोणी पुसले नाहीत. ज्यांनी कापड नेलं त्यांच्यातल्या एकानं परत आणून टाकलं आणि हळूच विचारलं, माझ्यावर तर काही लिहिणार नाही ना? म्हटलं, तुमच्यावर अवलंबून आहे.

दसरू बाजार नसताना आला. खास पायरीवर बसायला. मी त्याला सगळं सांगितलं — त्याचीच गोष्ट, पहिल्यापासून. तो “हव… हव…” करत ऐकत होता. मी मध्येच थांबून विचारलं, “हे हव कोनतं? आयकलं का कबूल?”

“आयकलं,” म्हणाला. “तू लय बोलतेस, बाई. साऱ्याले कबूल कसा होऊ?”

मी हसत आत वळले, आणि समोर हे. कॉलर जोडत होते, तोंडात टाचण्या.

हसू तिथेच विरलं. फळा लावू? हव. हेच लिहू? हव. राहू देऊ? हव. प्रत्येक वेळी पाठ, नाहीतर मशीन, नाहीतर टाचण्या! मी तरी कधी थांबले? साहेबांनी एका म्हाताऱ्याला एका हववर धरलं होतं. मी तर घरच्याच माणसाला इतकी वर्षं हववर बांधून ठेवलं. विचारायला जीभ उचलली नाही. नाही म्हणाले तर?

२१ फेब्रुवारी

आदेश हवालदार आला. ठेकेदाराची तक्रार. मी पडद्यामागे.

“वहाबभाऊ, लिवून घ्या लागते. फळा तुमच्या मर्जीनं लागला काय? नसंल त बाईनं परभारे लावला म्हून लिवतो. तुमी मोकळे.”

मशीन थांबली. आदेश म्हणाला, “मंग हव लिवू काय?”

ह्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून गादीत टोचल्या. सगळ्या.

“हव नोको लिवू. पह्यले नुसतं हवच होतं माहं.” मग पडद्याकडे बघून, मोठ्यानं — “कबूल. कबूल. कबूल.”

“तीनदा कायले, भाऊ? एकदा पुरते.”

“लिव तीनदा,” म्हणाले. “तिले समजते.”