मोजणी शेवटच्या सीटपासून

मालमत्तेची व्यवस्था लावण्यापूर्वी एक तक्रार नोंदवणे मला भाग आहे. ज्या टेबलावर हे मृत्युपत्र लिहीत आहे ते रुग्णालयाचे चाकांचे टेबल असून त्याच्या एका चाकाचा ब्रेक तुटलेला आहे. पूर्णविराम जरा जोरात दिला की टेबल खाटेपासून सुटते आणि दाराच्या दिशेने चालू लागते. सारा जन्म मी माणसांना जागचे हलवण्यात घालवला. माणसे पैसे भरूनही कुरकुरत हलतात; आणि हे टेबल विनातिकीट निघाले आहे. परिचारिकाबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "मावशी, पूर्णविराम हळू द्या की." सबब या दस्तऐवजात स्वल्पविराम जास्त आढळल्यास तो माझ्या बुद्धीचा दोष समजू नये.

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा लोकांना घराबाहेर काढून परत घरी पोचवण्याचा, कुणाच्याही धाकदपटशाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते की, उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे काही कारण नाही. घाटातल्या वळणावर मीही प्रवाशांना हेच सांगते.

कलम एक. कचेरीच्या वरच्या दोन खोल्या, भांड्याकुंड्यांसह, माझ्या एकुलत्या मुलीला. माझे धाकटे दीर, ज्यांना यापुढे भाऊजी म्हटले आहे, कचेरीचा हिशेब पाहतात. त्यांना वरून रोज सकाळी चहा मिळत आला आहे, तो पुढेही मिळावा. मात्र साखर कमी पडली असे त्यांनी म्हणू नये. साखर कुणी कमी केली हे हिशेबात त्यांनाच दिसेल.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलीला. माझ्या दिवंगत यजमानांची हत्यारांची पेटी, जॅक आणि लांब दांड्याच्या पान्यासह, आमच्या गाडीचे चालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांना. यजमान गेल्यापासून मास्तर ती पेटी आपलीच समजून वापरत आहेत. आता बिनधास्त समजावी.

कलम तीन. रस्त्याच्या पलीकडच्या ट्रॅव्हल्सवाल्यास माझी सर्व जुनी माहितीपत्रके. त्याने एक पत्रक शब्दन्‌शब्द उचलले तेव्हा खालचा फोन नंबरही आमचाच छापला होता. तो हंगाम आम्हाला फार चांगला गेला. त्याने असेच कष्ट घेत राहावे.

कलम चार. धंदा, गाडी आणि परवाना

हे कलम अर्धवट सोडावे लागत आहे. पेन उचलले तोच भाऊजींचा कचेरीतून फोन आला; आजच्या सहलीची गाडी माझ्याऐवजी मुलगी घेऊन गेली आहे.

"वहिनी, आपली गाडी अर्ध्या घाटातल्या नाक्यावर उभी आहे. एक माणूस खिंडीतल्या टपरीवरच राहिलाय."

"कोण?"

"ते घड्याळवाले आजोबा."

हे आजोबा घड्याळे दुरुस्त करतात. एकटेच राहतात. कानाला यंत्र लावतात आणि बोलणाऱ्याचा कंटाळा आला की ते बंद करतात. सीट नोंदवायला आले तेव्हा कचेरीतले बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांनी उभ्याउभ्या चालू करून दिले. पैसे घेईनात. "पैसे नकोत, मला खिडकी द्या," म्हणाले. मी हो म्हटले. पुढे भाऊजींनी ती खिडकी एका नव्या जोडप्याला दिली, आणि त्या जोडप्याने बसल्याबसल्या पडदा ओढून घेतला. आजोबा गेले शेवटच्या रांगेत, मधल्या जागेवर. त्या रांगेत दुसरे कुणी नव्हते. भाऊजी म्हणाले, नाक्यावर मास्तरांनी ब्रेक दाबला तेव्हा मागून एक काठी घरंगळत पुढे आली. काठी आली, माणूस नाही.

"मग गाडी वळवली का?" मी विचारले.

"तेच तर. मी पोरीला सांगितलंय, पुढे निघ. संध्याकाळची बोट चुकली तर परवापर्यंत बोट नाही. अख्खी सहल बुडेल. सगळे पैसे परत मागतील, आपण उठून उभे राहणार नाही, वहिनी. आजोबांसाठी मी टॅक्सी पाठवतोय."

"मिळाली?"

"धुक्यामुळे कुणी वर जायला तयार नाही. बघतोय मी. तुम्ही पोरीला एक शब्द टाका. मघापासून नुसतं हं हं करतेय."

"नाही टाकणार."

"ती तुमचंच ऐकते!"

"म्हणूनच. उद्या मला भूल दिल्यावर कुणाचं ऐकेल?"

भाऊजींनी फोन ठेवला.

खिंडीतली टपरी मी जाणते. उजेड कमी झाला की टपरीवाला फळ्या लावून स्कूटरवरून खाली उतरतो. मागे उरते एक पायरी आणि वारा. आजोबांच्या अंगात पातळ स्वेटर आहे आणि काठी गाडीत आहे.

सबब कलम चारचे दोन मसुदे माझ्या डोक्यात तयार आहेत. गाडी मागे वळली तर धंदा मुलीचा. ती पुढे गेली तर गाडी विकावी, परवाना परत करावा आणि पाटी उतरवावी. माझ्या नावावर माणसे टाकून जाणारी गाडी मला मेल्यावरही नको. मुलगी माझी आहे, म्हणून हा दुसरा मसुदा मनात धरताना छातीत काय होते ते मी इथे लिहीत नाही. समोरच्या यंत्रावर ते दिसतेच आहे.

परिचारिकाबाई आल्याच. "मावशी, तो फोन इकडे द्या. प्रेशर बघा किती चढलंय. असंच राहिलं तर उद्याचं रद्द करतील."

"फोन घेतलात तर आणखी चढेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि फोन उशीशी ठेवून गेल्या. बाई शहाणी आहे.

वाट पाहताना हात रिकामा नको, म्हणून या धंद्यात जे शिकले ते इथे लिहून ठेवते. हेही मालमत्तेतच धरावे. प्रवाशाला दृश्य नंतर, शौचालय आधी. सूर्योदय कधीही कबूल करू नये, तो आपल्या हातात नसतो. नाश्ता कबूल करावा. सख्ख्या जावांना एका सीटवर बसवू नये, त्यांनी स्वतः मागितले तरी. जो पहिल्या तासात तक्रार करतो तो शेवटपर्यंत आपला राहतो, सांभाळायचे ते गप्प बसणाऱ्याला. आणि मोजणी. "सगळे आले का?" असे विचारणारा माणूस या धंद्यात नको. न आलेला "मी नाही आलो" म्हणून ओरडत नाही. मोजणी शेवटच्या सीटपासून सुरू करायची, प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत पुढे यायचे. यजमान अशीच करत. आकडा दाराशी येऊन मास्तरांच्या कानात सांगायचा, तोवर इंजिन बंद.

मुलीला हे मी बोट धरून शिकवले आहे. मग चुकले कुठे?

तिला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. घाटात फोन लागत नाही, हे मी लोकांना हसत सांगत आले आहे. आज हसू आले नाही. गाडी घाटात आहे एवढे कळले. पण नाक्यापासून घाट वरही जातो आणि खालीही. गाडी कुठे चालली आहे ते कळले नाही.

खिडकीबाहेरचा उजेड पिवळा पडू लागला तेव्हा तिचाच फोन आला.

"आई, तू बोलू नकोस, आधी ऐक. गाडी वळवलीय. मघाशीच. काकांना नाही सांगितलं, त्यांनी ओरडाआरडा केला असता आणि मला घाबरायला वेळ नव्हता."

"मोजणी कुणी केली?"

"मीच. मागूनच केली, हात लावून. आकडा बरोबर भरला. पण शेवटी पुढे माझ्या सीटलाही हात लावला. मी मलाच मोजलं, आई."

या धंद्यात मुरलेली माणसेच ही चूक करतात. नवखा माणूस स्वतःला मोजायला विसरतो.

"प्रवासी काय म्हणतायत?"

"शिव्या घालतायत. एक जण म्हणतो, एका म्हाताऱ्यासाठी सगळ्यांची बोट का? मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही राहिलात तर असाच वाद घालू."

"आणि मास्तर?"

"गप्प आहेत."

मास्तर गप्प म्हणजे रस्ता दिसत नाही. आम्हा दोघींनाही ते माहीत आहे.

"बोट चुकणार, आई."

"चुकू दे."

"रागावलीस?"

"उद्या संध्याकाळी सांगते."

यानंतर बराच वेळ मी एकही अक्षर लिहिले नाही. टेबल दोनदा निघाले, दोनदा ओढून आणले.

मग फोन आला. आधी नुसता गलका, मग मुलगी, रडतेय की हसतेय कळेना. आजोबा पायरीवर बसले होते, हातपाय गारठलेले, ओठ निळे. टपरीवाल्याने जाताना आपले पोते त्यांच्या अंगावर टाकले होते. मुलीने फोन त्यांच्या कानाला लावला.

"काळजी करू नका हो," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, गाडी धुवायला नेलीय."

कलम चार, पूर्ण. धंदा, गाडी आणि परवाना माझ्या मुलीला. अट एकच, स्वतःला मोजू नये.

कलम पाच. भाऊजींना माझी कचेरीतली फिरती खुर्ची, आणि मुलीशी मोठ्या आवाजात भांडण्याचा तहहयात हक्क. त्यांनी आज जे सांगितले ते पैशाच्या भीतीने सांगितले, आणि ती भीती कचेरीत एकाला तरी असावी लागते. पण गाडी कुठे वळायची हे त्यांनी सांगू नये. आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. बंदराजवळच्या शाळेत सगळ्यांच्या मुक्कामाची सोय केली, म्हणाले. घोंगड्या भाड्याने, आणि भावात घासाघीस करून.

वरील मजकूर मी वाचला, समजला, टेबल धरून ठेवून सही केली.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार पहिली: परिचारिकाबाई (टेबलाला पाय लावून उभ्या)
साक्षीदार दुसरी: शेजारच्या खाटेवरील पित्ताशयवाल्या ताई (सर्व फोन ऐकले असल्याने मजकुराची खात्री आहे)
ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, दाराजवळची खाट
तारीख: झडप बदलण्याचा आदला दिवस, दिवेलागण

पुरवणी. सह्या झाल्यावर एक गोष्ट आठवली, म्हणून ताईंना खाटेवरून पुन्हा उठवले आहे. गाडीतली मास्तरांच्या मागची पहिली खिडकी ही आजवर माझी जागा होती, मी नसले तरी रिकामी ठेवतात. ती घड्याळवाल्या आजोबांना द्यावी, परवाच्या बोटीपर्यंत आणि परतीच्या सगळ्या वाटेवर. पडदा काढून ठेवावा. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू आहे. मुलीला फोनवर कळवले. आजोबा बसले, आणि काठी खिडकीशी टेकवून ठेवली, असे ती म्हणाली.