परत आलेली साबणाची वडी

ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही डोंगरवाट चालायला लागून आज एक्केचाळीस दिवस झाले. पाय आता माझे राहिलेच नाहीत. सकाळी आपले आपण निघतात, मी मागून जाते. मागच्या गावातल्या टपाल कचेरीत तुझं पार्सल मिळालं. मोजे झकास. पण तुमच्या कारखान्याची साबणाची वडी परत पाठवतेय. रागावू नकोस, आधी ऐक.

माझ्या नाकाचं काहीतरी भलतंच झालंय. परवा वळणाच्या अलीकडेच मला माणसं कळली. धुतलेले कपडे, कुणाच्या तरी केसांचं तेल. बऱ्याच वेळाने खरंच एक कुटुंब आलं, सहलीला निघालेलं. त्यांनाही मी कळले असणार, कारण बाईंनी मुलाला पलीकडच्या कडेला घेतलं. पाणी दिसायच्या आधी पाणी येतं नाकात. तापलेल्या दगडालाही वास असतो, माहीत होतं तुला? आणि काय सांगत होते, हां, हरीण. हातभर अंतरावर आलं, झाडाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि चरत राहिलं. मला श्वास घ्यायचीसुद्धा लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तुझा साबण लावला, तर पाखरू जवळ फिरकेना.

शिवाय वडीला खवट वास येतोय. वास तपासायला तुला ठेवलंय ना तिथे? डुलकी लागली होती की काय?

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी चालेल.

तुझी,
भिंगरी

ता. २३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वडी पोचली. बराच वेळ नाकाशी धरून बसले. खवट नाही, सुवासिक नाही, काहीच नाही. जूनमध्ये तापातून उठले तेव्हापासून मला वास येतच नाही. आईला सांगितलेलं नाही, कारखान्यात तर नाहीच. शेजारच्या टेबलावरच्या मावशींचा चेहरा बघते. त्यांनी नाक मुरडलं नाही की मी सही करते. त्या रजेवर होत्या त्या दिवशी हा लॉट पास केला. अजून गोदामात आहे, महिना संपला की बाहेर पडेल. बोलले तर बारा वर्षांचं टेबल जाईल.

तापलेल्या दगडाचं वाचून इतका हेवा वाटला की पत्र फाडणार होते. फाडलं नाही.

जपून चाल. राग धरू नकोस, मीही धरत नाही.

तुझी,
ताई

ता. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. सांगून टाक. मला ना टेबल ना नोकरी, मला असं म्हणायला काय जातंय, हे कळतं मला. पण तो साबण कुणाच्या तरी बाळाच्या अंगाला लागणार.

सांग आणि दोन दिवस इकडे ये. डोंगराखालच्या फाट्यापर्यंत बस येते. वासाबद्दल चकार शब्द बोलणार नाही. न राहवून बोललेच तर चिमटा घे.

वाट बघणारी,
भिंगरी

ता. १९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. पोटऱ्यांनी दोन दिवस जिना चढू दिला नाही. निघण्याआधी, लॉट गोदामात असतानाच, साहेबांना सांगितलं होतं, त्याचा निकाल आज लागला. लॉट परत वितळवायला गेला. टेबल मावशींना मिळालं, मी वड्यांना कागद गुंडाळते. मावशी म्हणाल्या, मी त्यांचा चेहरा बघते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून तर त्या नाक जरा जास्तच मुरडायच्या.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. शेवटच्या सकाळी तू पाणी आणायला उतरलीस, तेव्हा धुकं एवढं की मला माझेच बूट दिसेनात. वास नव्हताच, आता दिसणंही गेलं. मनात म्हटलं, माझ्यासाठी इथे काय ठेवलंय? तेवढ्यात गालावरची थंडी हलली. मग डोक्यावरून पंख. थवेच्या थवे, पण पक्षी एकही दिसत नव्हता. इतके खाली की एकेकाचा वारा केसांतून वेगळा जात होता. एखादा हाक घालायचा, लांबून दुसरा ओ द्यायचा. मी हात वर केला, कशासाठी कोण जाणे, आणि सगळे जाईपर्यंत तसाच ठेवला.

तू डोळे लाल का म्हणून विचारलंस. डोळ्यांत धुकं गेलं, म्हणाले.

ते थवे तुझ्याच वाटेने पुढे गेलेत. दिसले तर कळव. आणि पत्रात वास लिहायचं सोडू नकोस. मला वाचायचे आहेत.

तुझी,
ताई