वरची बांगडी

२२ जून १९४२, घाटंजी
बाजारात माश्या मारत बसलो. कापसाला भाव नाही तर बाईच्या हाताला बांगडी कुठून? आपला आखूड धाग्याचा कापूस जपान घेत असे, आता जपानच वैरी. सरकी काढायची जिन वर्षभर बंद. दिवसभरात एकच हात भरला, नव्या नवरीचा. डझन झाल्यावर रिवाजाप्रमाणे वरची एक घातली, फुकट, आशीर्वादाची, आणि सलाम केला. नवरा हयात असेल तिलाच ही वरची. ती घालताना मणियाराची जीभ खोटी नसावी, असं अब्बा सांगायचे.
संध्याकाळी शेठच्या रेडिओवर ऐकलं, लिबियातलं तोब्रुक पडलं. जर्मनांनी आधी विमानांनी भाजून काढलं, मग रणगाडे आत घातले. आपली माणसं हजारोंनी कैद. आमचा पोरगा युनूस तिथंच. त्याचा जोडीदार नारायणही.
बायकोला, हलीमाला, एवढंच सांगितलं, लढाई जोरात आहे.

२४ जून
जिन चालू असती तर पोरं गेलीच नसती. नारायण जिनची लॉरी चालवायचा, युनूस त्याचा क्लीनर, सदा इंजिनात डोकं खुपसलेला. जिन बंद पडली, दोघं बरोबरच भरती झाले. तिकडेही दोघांना एकच लॉरी. जाताना युनूसनं दुकानातल्या हिरव्या बांगड्यांची माळ उचलली, लॉरीच्या आरशाला टांगायला. "अब्बा, नजर नाई लागत." मी म्हटलं, "बांगड्या घेऊन लढाईले चालला, वा रे मर्दा!" दोघंही खूप हसलो होतो.

२० जुलै
तार आली. लढाईत बेपत्ता. तशीच नारायणच्या घरी, खेड्यावर. मेला म्हणत नाहीत, जिता म्हणत नाहीत. असं अधांतरी टांगून ठेवण्यापेक्षा... नको. लिहीत नाही.
हलीमा रडली नाही. उठली, फळीवरची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी, पातेली, झाकणं, माझा डबासुद्धा, सगळं अंगणात फेकलं. "या घरात जर्मन नको." म्हटलं, "अगं, ती मुंबईची आहेत." "नावच नको मले."

२४ जुलै
भांडी आत आली. तिनंच घासून ठेवली.

१८ ऑगस्ट
सगळीकडे 'चले जाव'ची धामधूम. तारा तोडल्या, डाक बंद. स्वराज्य मलाही पाहिजे. पण पोराची खबर ज्या तारेवरून यायची तीच कापली, याचा राग येतो. कोणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून इथं.

२९ ऑगस्ट
दारव्ह्याकडचा एक शिपाई, हात गळ्यात बांधलेला, लिबियातून परतला. तोब्रुक पडायच्या वेळी कसाबसा निसटला म्हणे. शेठच्या ओट्यावर त्याच्याभोवती ही गर्दी.
"विमान भोंगा वाजवत सरळ अंगावर उतरते, चाचा. आपल्या जिनच्या भोंग्यावानी. मंग जमीनच उठून येते."
विचारावं की नाही. विचारलं. हिरव्या बांगड्या टांगलेली लॉरी?
"बांगड्यावाली? ते त पाह्यली. पेटली होती."
"माणसं?"
"धूर होता चाचा. माणसं नाई दिसली."
नारायणचे वडील बाजूलाच बसले होते. त्यांच्या हातून काठी पडली. मी उचलून दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
हलीमाला सांगितलं नाही. भीती वाटते, सरळच लिहितो.

११ सप्टेंबर
काल पोळा झाला. आज सकाळी पोरं, बाया पळसाच्या डहाळ्या घेऊन ओरडत गावाबाहेर निघाल्या, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" हलीमा दारात उभी होती. अचानक तिचाही आवाज आला, "जर्मनले बी घेऊन जा!" बायांनी वळून पाहिलं. मग सगळ्याच तेच ओरडायला लागल्या. मी आत जाऊन बसलो, डोळे पुसले.
दुपारी नारायणचे वडील आले. पाणीही घेतलं नाही.
"मणियारभाऊ, परवा हरतालिका. आमची सून सगुणा बांगड्या भराले येईन. भरू नका."
"काहून?"
"शिपायानं सांगतलं ते तुमी बी ऐकलं. भाऊबंद म्हणतेत, दहावा उरकून टाका. सून ऐकत नाई. तुमी हात भरला त गाव म्हणन, मणियारानं भरला म्हणजे नारायण जिता हाये."
मग त्यांनी विचारलंच. "तुमीच सांगा ना. तुमचा युनूस हाये काय?"
एकच लॉरी. एक आहे तर दुसरा आहे. एक नाही तर...
ते काठी टेकत निघून गेले.

१२ सप्टेंबर
बाजार. सगुणा आलीच. हातात जुन्या चारदोन उरलेल्या.
"चाचा, हिरव्या."
"सासऱ्यांना विचारलं का बाई?"
"त्यायनं तुमाले मना केलं, मले मालूम हाये." हात पुढं केला. "तुमाले वाटत असन ते गेले, त नका भरू. मी काई म्हणणार नाई."
आजूबाजूच्या बायांनी आपापले सौदे सोडले, आमच्याकडेच बघायला लागल्या. हात धरला. निंदण करून करून पार खरखरीत झालेला. बोटं दाबून एकेक बांगडी चढवत गेलो. तेवढं माझं कामच आहे. डझन झालं नि थांबलो.
ती उठेना. हात तसाच पुढं.
"एक राह्यली, चाचा."
अब्बांचं बोलणं आठवलं. तो धूर आठवला. आणि असं वाटलं की ही घातली नाही तर मी भरबाजारात माझ्याच पोराला माती देतो. घातली. सलाम केला.
संध्याकाळी चांद दिसला. उद्या पहिला रोजा.

१३ सप्टेंबर
रोजा सोडल्यावर शिपायाचं सगळं हलीमाला सांगितलं. लॉरी, धूर. खजूर हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली, "एवढं एकट्यानं कायले उचललं, अजी?" त्यानंतर रडली. तार आल्यापासून पहिल्यांदा.

१५ सप्टेंबर
नारायणचे वडील दारात. म्हटलं, आता काठी पडते पाठीत.
"भरल्या?"
"भरल्या."
"वरची बी?"
"तीही घातली."
ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं नि ढसाढसा रडले. मग म्हणाले, "भाऊबंदायले सांगतो आता. मणियारानं वरची घातली म्हणून. दहावा नाई करत." जाताना हलीमाच्या हातचं पाणी प्याले. मला वाटतं, त्या दिवशीही ते मनातून हेच ऐकायला आले होते.

१० ऑक्टोबर
ईद दोन दिवसांवर आली. कापूस फुटलाय, वेचायला बाया आहेत, घ्यायला कोणी नाही. हलीमानं शेवयांचं नाव काढलं नाही, मीही नाही.
सगुणा आली, पदराला गाठ. गाठ सोडली तर आत हिरवे तुकडे.
"चाचा, एक वाढली. कापूस वेचता वेचता दगडावर पडली मी."
"त्यात काय, दुसरी भरतो."
"तसं नाई. हे वरची होती काय, ते सांगा."
सगळ्या एकाच गड्डीतल्या. एका भट्टीच्या, एका रंगाच्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, श्वास धरून. मी तुकडा उचलला, उन्हात धरला, फिरवून पाहिला. चांगला वेळ लावला.
"ही नव्हे. वरची ही," म्हणत तिच्या मनगटावरच्या एका बांगडीवर बोट ठेवलं.
तिनं त्या बांगडीवरून हात फिरवला. वाढलेलीच्या जागी दुसरी भरून घेतली. खेड्याच्या वाटेला लागली.
हलीमा आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली. "अजी, तुमी कशी ओळखली?"
"धंदा आहे माझा."
तिनं तुकडे वेचले, आपल्या पदराला बांधले.
डाक सुरू झाली म्हणतात. डाकवाला आमच्या गल्लीत अजून आला नाही.